पांढरी एक, पांढरी दोन

अकरा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, माझ्या पियानो क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात, सात वर्षांच्या एका मुलाने बीथोवनच्या नवव्या सिंफनीतली ती सर्वांच्या ओळखीची धून पहिल्यापासून शेवटपर्यंत एक पट्टी सरकून वाजवली आणि नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या छोट्या सभागृहात जमलेल्या साठ-सत्तर माणसांनी त्याला मनापासून टाळ्या दिल्या. लहान मुलांसाठी ती धून सोपी करून घेतली की तिला पाचच स्वर लागतात. उजव्या हाताचा अंगठा पांढरी एकवर, म्हणजे सप्तकाच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायचा, उरलेली चार बोटे पुढच्या चार पांढऱ्या पट्ट्यांवर आपोआप येतात, आणि मग ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. मुलगा घाबरलेला होता. त्याचे पाय जमिनीला पुरत नव्हते म्हणून घरून नेलेले जेवणाचे दोन पाट मी खाली एकावर एक ठेवले होते, आणि त्या पाटांवर पाय टेकवण्याच्या गडबडीत त्याचा अंगठा पांढरी दोनवर जाऊन बसला. तिथून पुढे त्याने एकही चूक केली नाही. मात्रा बरोबर होत्या, मनगट हवे त्या उंचीवर होते, शेवटचा स्वर त्याने पुरता मोजून सोडला आणि उठून वाकून नमस्कारही केला.

हार्मोनियमवर थोडाफार हात फिरवलेल्या माणसाला पुढचे सांगायला नको. पांढरी दोनला षड्ज मानून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवत गेले की गंधार आणि निषाद कोमल होतात. सगळे शुद्ध स्वर असलेल्या बिलावल थाटाचा काफी थाट होतो. ही धून तर सुरूच गंधारावर होते. १८२४ साली व्हिएन्नात आनंदाचे गाणे म्हणून पहिल्यांदा लोकांसमोर आलेली ती चाल त्या संध्याकाळी चांगलीच उदास होऊन बाहेर पडली. मला ते पहिल्याच स्वराला कळले. मधेच उठून त्याचा हात सरकवणे क्रूरपणाचे झाले असते, म्हणून मी बसून राहिले आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. त्या चेहऱ्यावर काहीही नव्हते. दोन महिने रोज वाजवलेली धून आज वेगळी ऐकू येते आहे, याची त्याला शंकासुद्धा आली नव्हती.

कार्यक्रमानंतर चहा-चिवडा चालू असताना माझ्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीची आजी माझ्याजवळ आली. तरुणपणी पुष्कळ वर्षे तानपुऱ्यावर बसून गाणे शिकलेल्या होत्या त्या. "काहो मॅडम, त्या पोरानं गंधार मुद्दाम कोमल घेतला का? वाईट नाही वाटला, पण आमची नात तर घरी शुद्धच वाजवून राहिली होती." मी काहीतरी सारवासारव केली. खरे उत्तर मला घरी जाऊन, पाट परत स्वयंपाकघरात ठेवताना सुचले, आणि ते माझ्याविषयीचे होते.

त्या काळी मी नव्या मुलांसाठी पट्ट्यांवर टिकल्या चिकटवत असे. बर्डीच्या बाजारात दहा रुपयांना मिळणारी रंगीत टिकल्यांची पाकिटे आणायची. पांढरी एकला लाल, दोनला हिरवी, तीनला निळी, आणि पुस्तकातल्या स्वरांवरही त्याच रंगांचे ठिपके द्यायचे. मुले आठवड्याभरात धून वाजवू लागत, पालक खूश होत, आणि मी स्वतःला हुशार समजत असे. कार्यक्रमासाठी नेलेल्या डिजिटल पियानोवर टिकल्या बऱ्या दिसणार नाहीत म्हणून आदल्या दिवशी मीच त्या नखाने काढल्या होत्या. म्हणजे त्या मुलाला जे शिकवले होते ते सगळे मीच खरवडून टाकले होते. त्याला धून येतच नव्हती. रंगांचा क्रम येत होता.

पियानो शिकवणाऱ्याची एक मोठी सोय असते आणि तीच त्याची फसगत करते. गाणाऱ्या मुलाला स्वर गळ्यातून शोधून काढावा लागतो, व्हायोलिनवर बोट एक दोरा इकडेतिकडे झाले की घरातले लोक दार लावून घेतात, बासरीत तर महिनाभर नुसती हवाच निघते. पियानोवर मात्र मांजर चालत गेले तरी प्रत्येक स्वर आपल्या जागी लागतो, कारण तो लावण्याचे काम कोणीतरी आधीच करून ठेवलेले असते. त्यामुळे कानाला पहिल्या दिवसापासून सुट्टी मिळते. मुलाचे डोळे पुस्तकावर, शिक्षिकेचे डोळे मुलाच्या हातावर, आणि ऐकायला खोलीत कोणीच नाही. मी स्वतः सदरमधल्या एका वयस्क बाईंकडे शिकले. त्या माझ्या हाताच्या पाठीवर रुपयाचे नाणे ठेवत आणि ते न पाडता सप्तक चढून उतरायला लावत. नाणे मी शेवटपर्यंत पडू दिले नाही, पण ते सप्तक कसे वाजले याविषयी बाई कधी काही बोलल्याचे मला आठवत नाही.

आता टिकल्या बंद आहेत. नवे मूल आले की पहिले तीन महिने आम्ही जेवढे वाजवतो त्याहून जास्त गातो. मी पट्टी दाबते, मूल तो स्वर गळ्यातून काढते. मग मूल गाते आणि मी डोळे मिटून पट्टी शोधते, ज्यात मी कधीकधी मुद्दाम चुकते आणि मला पकडण्यात त्यांना भलता आनंद होतो. धून आधी सरगमात तोंडपाठ व्हायची, मग हात पट्ट्यांवर. हे ऐकून दोन महिन्यांतच आपल्या मुलीला काढून नेणारे एक वडील मला आठवतात. "मॅडम, गाणं शिकवायचं असतं तर गाण्याच्या क्लासला नसतं का टाकलं?" असे ते म्हणाले, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांचे काही चुकले नव्हते. फी पियानोची होती.

पियानोत मुलाच्या बोटाच्या हाती नेमके काय उरते, असा प्रश्न मी त्या डिसेंबरानंतर स्वतःला पुष्कळ दिवस विचारत होते. उत्तर या वाद्याच्या नावातच आहे. १७००च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने जे वाद्य घडवले त्याचे वेगळेपण असे होते की, आधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार खुडली जाई आणि बोट कसेही पडले तरी आवाज जवळपास तेवढाच येई, तर याच्या वाद्यात हातोडी तारेवर आदळून लगेच मागे हटत होती आणि बोटाच्या वेगाप्रमाणे आवाज लहान किंवा मोठा होत होता. पियानो म्हणजे हळू, फोर्ते म्हणजे जोरात. लांबलचक नावाचे पुढे आखडून ‘पियानो’ झाले. त्याने केलेला १७२०चा एक पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात अजून आहे. स्वर कोणता, हे बोटाच्या हातात नाही. तो किती मोठा आणि किती वेळ, एवढेच आहे. शिवाय तार वाजली की त्याच क्षणापासून तिचा आवाज विरायला लागतो. गाणारा स्वर धरून ठेवू शकतो, पेटीवाला भाता हलवून तो फुलवू शकतो. पियानोवाल्याला सुटलेल्या आवाजाकडे नुसते कान देऊन बसावे लागते आणि पुढचा स्वर त्या विरण्याच्या बेताने टाकावा लागतो.

म्हणून प्रत्येक तासाच्या सुरुवातीला आमचा एक खेळ असतो. डावीकडची एक खर्जातली पट्टी दाबून धरायची आणि आवाज पूर्ण संपला की हात वर करायचा. पाच-सहा सेकंदांत हात वर करणारी मुले महिन्याभरात वीस सेकंदांपर्यंत जातात. आवाज तेवढाच असतो. मुले तेवढी पुढे गेलेली असतात. नागपुरात या खेळाला मोठा शत्रू कूलर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खिडकीखिडकीत गवत बदललेले कूलर सुरू होतात आणि जूनच्या मध्यापर्यंत सगळे शहर त्या घरघरीत बोलते; आपल्याकडची माणसे जरा मोठ्याने बोलतात त्यामागे हेही एक कारण असावे असा माझा समज आहे. पियानोच्या खोलीत कूलर नाही, पण बाहेरच्या खोलीतला आणि शेजाऱ्यांचा ऐकू येतोच. एकदा नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी चारच्या तासाला, आठ वर्षांचा एक मुलगा पट्टी दाबून बसलेला असताना वीज गेली. सगळे कूलर एकदम थांबले. मुलाने हात वर करायला उचलला होता तो तसाच अर्ध्यावर राहिला आणि त्याने माझ्याकडे पाहिले, कारण संपला असे वाटलेला आवाज अजून होता, चांगला होता, आणि त्यात वरचा पंचमही ऐकू येत होता. त्या दिवशी आम्ही वीज येईपर्यंत घामाने निथळत एकेक पट्टी दाबत बसलो. पुस्तक उघडलेच नाही.

कूलर खोलीत नसण्याचे दुसरे कारण पियानो स्वतः. माझ्या उभ्या पियानोत सुमारे २३० तारा आहेत, त्यांचा एकत्रित ताण अठरा-वीस टनांच्या घरात जातो, आणि तो सगळा ज्या फळीच्या जिवावर गातो ती स्प्रूसची पातळ लाकडी फळी हवेतले पाणी पिते आणि सोडते. मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली, तर ऑगस्टमध्ये ऐंशीच्या पुढे, अशा गावात ती फळी उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. आकसली की तारा सैल होऊन स्वर उतरतात, फुगली की ताणून चढतात, आणि सगळे सारखे चढत-उतरत नाहीत हे खरे दुखणे. कूलरची ओली हवा थेट अंगावर सोडणे म्हणजे मे महिन्यात रोज पाऊस पाडणे आणि रात्री बंद करणे. ट्यूनर मुंबईहून येतो, म्हणून वर्षातून दोनदाच जमते: एकदा पोळा झाल्यावर आणि एकदा थंडी संपताना. मधले महिने पियानो आपल्या मनाने वागतो. पूर्वी मला याची लाज वाटायची.

ती वाटेनाशी झाली याला त्या आजी कारणीभूत आहेत. कार्यक्रमानंतर त्यांची-माझी ओळख वाढली. नातीला सोडायला त्या येत, तास संपेपर्यंत बसत, आणि एकदा माझ्या विनंतीवरून तानपुरा घेऊन आल्या. त्यांचा षड्ज काळी चार. माझ्या पियानोच्या काळी चारशी त्यांनी तानपुरा जुळवला, थोडा वेळ छेडला, आणि मी नऊ वर्षांच्या नातीला म्हटले की आता आजीचा गंधार पियानोवर वाजव. काळी चारचा गंधार म्हणजे पांढरी एक. तिने ती दाबली, ऐकले, पुन्हा दाबली आणि म्हणाली, "टीचर, आजीचा गंधार खाली आहे. तुमचा वर जाऊन राहिला." आजी गातच नव्हत्या. ती बोलत होती ते षड्जाच्या तारेतून आपसूक उमटणाऱ्या स्वयंभू गंधाराविषयी.

मी चटकन म्हणाले की ट्यूनर मागच्याच आठवड्यात येऊन गेला आहे, आणि म्हणून झाल्यावर ओशाळले, कारण मुलीचे बरोबर होते. ट्यूनरने आपले काम चोख केले होते. पियानो असाच लावतात. सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडायचे ठरवले की शुद्ध गंधार जिथे बसायला हवा तिथून वर सरकतो. मध्य सप्तकात हिशेब मांडला तर काळी चारचा खरा शुद्ध गंधार सेकंदाला २५९.६ कंपनांचा आणि पियानोची पांढरी एक २६१.६ची. दोनच कंपने, अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. पंचमात हाच फरक जेमतेम दोन भागांचा असतो, म्हणून तो कोणाला बोचत नाही. गंधार बोचतो.

नऊ वर्षांच्या मुलीला अपूर्णांक सांगण्यापेक्षा आजींनी ते गाऊन दाखवले. सा, मग ग. त्या ग-लाच सा समजून पुन्हा ग. आणि त्यालाही सा समजून आणखी एकदा ग. पियानोवर अशा तीन उड्यांत बरोबर तार षड्ज येतो. आजी तानपुऱ्यातला तोच शुद्ध गंधार धरून तीन उड्या चढल्या आणि जिथे पोहोचल्या तिथून तार षड्ज अजून चांगला वर होता. शुद्ध गंधाराची कंपने षड्जाच्या पाच-चतुर्थांश पट असतात आणि तार षड्जाची दुप्पट; पाच-चतुर्थांश तीनदा गुणले की १.९५३ येते, दोन येत नाहीत. खऱ्या गंधाराने चढले तर जिना वरच्या मजल्याला लागत नाही. पियानोवाल्याला कुठल्याही पट्टीला षड्ज मानून वाजवता यायला हवे असते, म्हणून त्याने प्रत्येक पायरी थोडी थोडी उंच केली आहे. मुलीने हे ऐकून घेतले आणि विचारले, "मग कोणाचं बरोबर?" आजी म्हणाल्या, "माझं." मी काही बोलले नाही.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. याच कारणाने, म्हणजे पक्क्या बसवलेल्या स्वरांना श्रुती, म्हणजे स्वरांमधल्या बारीक जागा, कळत नाहीत आणि स्वरावरून स्वरावर घसरत जाणारी मींड घेता येत नाही म्हणून, आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली. आणि त्याच काळात महाराष्ट्रात पेटीवाचून नाट्यसंगीताची मैफल रंगत नव्हती, गोविंदराव टेंब्यांसारखा माणूस त्याच पेटीवर लोकांना वेड लावून गेला होता. आजींनी मला सरळ विचारले की पियानोने नातीचा कान बिघडेल का. ‘नाही’ असे मी छातीठोकपणे म्हणू शकले नाही. तानपुरा सोडू नका, एवढेच म्हणाले. मुलगी पुढे सहा वर्षे दोन्ही करत राहिली आणि दहावीच्या वर्षी दोन्ही सोडले, जसे इथे बहुतेक सोडतात. आठवी-नववीला कोचिंग सुरू झाले की माझ्या वहीतली नावे एकेक करून कमी होतात. त्याविषयी तक्रार करून उपयोग नाही. दर जूनमध्ये नवी सहा-सात वर्षांची मुले येतात आणि चौदा विद्यार्थ्यांचा माझा आकडा भरून निघतो.

पालकांचे पहिल्या भेटीतले प्रश्न मात्र बदललेले नाहीत. कोणती ग्रेड होईल, हा त्यातला मुख्य. लंडनच्या एबीआरएसएम या संगीत परीक्षा मंडळाची परीक्षा माझीही मुले देतात आणि ती चांगली शिस्त लावते हे मी नाकारत नाही, पण तिच्या पारंपरिक प्रात्यक्षिक परीक्षेतल्या गुणांची वाटणी मी पालकांसमोर मुद्दाम कागदावर मांडते: १५० पैकी तीन रचनांना ९०, सप्तकांना २१, समोर आलेले नवे लिखाण वाजवण्याला २१, आणि नुसते ऐकून ओळखण्याला १८. उत्तीर्ण व्हायला १०० लागतात. म्हणजे कानाच्या भागात शून्य मिळवूनही मूल पास होऊ शकते, आणि वर्षभराच्या घाईत कोणता भाग आधी सोडला जातो हे सांगायला नको. घरी कोणते वाद्य घ्यायचे, हा दुसरा प्रश्न. आपल्याकडे कुठल्याही कीबोर्डाला कॅसिओच म्हणतात आणि तो पुष्कळ घरांत आधीपासून असतो, एकसष्ट हलक्या पट्ट्यांचा, बटण दाबले की स्वतःच ठेका धरणारा. ज्यावर हळू दाबले काय आणि जोरात दाबले काय, आवाज तोच येतो, त्यावर मूल कशाकडे कान देणार? अठ्ठ्याऐंशी वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो पन्नास हजारांच्या आसपास जातो आणि सगळ्यांनाच तो परवडत नाही. अशा मुलांना मी आठवड्यातून एक दिवस तासाव्यतिरिक्त माझ्या पियानोवर बसू देते. फीचा हिशेब, बुडालेले तास, दिवाळीची सुट्टी, याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. एक नियम केला आहे आणि तो मीच मोडते.

पांढरी दोनवरून वाजवणाऱ्या त्या मुलाच्या वडिलांची पुढच्या वर्षी बदली झाली आणि ते नागपूर सोडून गेले. त्याला मी कधी सांगितले नाही. सांगायचे दोनदा ठरवले होते, पण तो कार्यक्रम त्याच्या आनंदाचा होता आणि चूक माझी, त्यामुळे कसे सांगावे ते कळले नाही.

सध्या पियानोची अवस्था बघण्यासारखी आहे. पावसाने फळी फुगली आहे, ट्यूनर पोळ्यानंतर यायचा आहे, आणि मध्य सप्तकातल्या काळी तीनच्या तीन तारांपैकी एक इतर दोघींना सोडून चढली आहे, त्यामुळे तो स्वर वाजला की पाण्यात हलल्यासारखा थरथरतो. यंदा मी ते कोणाला सांगितले नाही. एक पट्टी आजारी आहे, कोणती ते शोधा, एवढेच म्हटले. चौदांपैकी पाच मुलांनी आतापर्यंत काळी तीन बरोबर दाखवली. दोघांनी अंदाजाने बोट ठेवले, आणि एकाने प्रत्येक पट्टी माझ्या चेहऱ्याकडे पाहत वाजवली, जे मला आवडले नाही पण हुशारीचे होते. गुरुवारी सात वर्षांची एक मुलगी सगळे सप्तक दोनदा फिरली आणि वरची पांढरी सहा दाबून म्हणाली, "टीचर, ही." मी म्हटले, नाही, पुन्हा ऐक. तिने पुन्हा ऐकले आणि तरी म्हणाली, "हीच." बाहेर तिच्या आईची स्कूटर आली, ती गेली.

रात्री, रस्ता शांत झाल्यावर, मी पियानोचे वरचे झाकण उघडले, फेल्टची पट्टी अडकवून त्या पांढरी सहाच्या तिन्ही तारा एकेक वेगळ्या वाजवून पाहिल्या. तिसरी किंचित उतरलेली होती. ट्यूनरसाठी फ्रिजवर लावलेल्या चिठ्ठीत मी काळी तीनच्या खाली ती पट्टी लिहिली आणि पुढे मुलीचे नाव.